एएफएमसी: पुण्याच्या गाडीत बसण्याआधी

जुलै महिना होता. भिवापूरच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. ओळखीचे एक गृहस्थ आले, खुर्ची ओढून बसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एका कागदाचा फोटो होता. मुलाचं नाव, खाली इंग्रजीत दोन ओळी आणि शेवटी शब्द: अनफिट. मुलगा नीटमध्ये चांगले गुण घेऊन पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, मुलाखतीपर्यंत पोचला होता. मुलाखतही बरी झाली होती. डॉक्टरांनी कानात दुर्बीण घातली आणि पडद्याला भोक निघालं. लहानपणी कान वाहायचा, तेल टाकलं की थांबायचा, एवढंच घरच्यांना आठवत होतं.

“सर, यात सूट नाही का भेटत?” त्यांनी विचारलं. “यूट्यूबवर तर सांगतात, वेव्हर भेटतो म्हणून.”

हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं आणि बहुतेक वेळा तो उशिरा येतो. म्हणून या वर्षी तो वेळेआधी घ्यायचं ठरवलं. बारावीत असलेल्या, नीट देणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा लेख आहे.

वेव्हर अमेरिकेतला, आपल्याकडचा नव्हे

ज्या व्हिडिओंत ‘वेव्हर’ हा शब्द ऐकू येतो ते बहुतेक अमेरिकेतले असतात, किंवा तिकडचं ऐकून इकडे केलेले. तिथे 1972 पासून सैन्यदलांच्या पैशानं वैद्यकीय शिक्षण घेण्याची एक शिष्यवृत्ती आहे. तिथल्या वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलेल्याचं प्रकरण संबंधित दलाकडे जातं. ‘दोष आहे, पण माणूस घेण्याजोगा आहे’ असं त्या दलाला वाटलं तर लेखी सूट मिळू शकते. त्यालाच वेव्हर म्हणतात.

आपल्याकडे अशी खिडकी नाही. डोंगराळ भाग, ईशान्य भारत आणि काही जमातींसाठी उंचीत थोडी शिथिलता आहे, पण ती नियमातच लिहिलेली असते, कोणाला अर्ज करून मागायची नसते. आमदारांचं पत्र, ओळखीचे सुभेदारसाहेब, ‘मेडिकल सेट करून देतो’ म्हणणारा एजंट, यातलं काहीही तिथे चालत नाही. एजंटचं तर नावही घेऊ नका. तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळात एकापेक्षा जास्त तज्ज्ञ असतात, प्रत्येकजण आपल्या रकान्यात स्वतः लिहितो आणि तुमच्याकडून पैसे घेणारा त्यांच्यातल्या एकालाही ओळखत नसतो.

मग काय असतं? दोनच गोष्टी. दोष बरा होणारा असेल तर तो वेळेआधी बरा करून जाणं. आणि मंडळाचं मत चुकीचं वाटलं तर अपील करणं. या दोन्हींचं यश तारखांवर अवलंबून असतं, म्हणून आधी तारखा बघू.

तपासणी नेमकी केव्हा येते

एएफएमसी 1948 साली पुण्यात सुरू झालं. एमबीबीएसचं शिक्षण तिथे 1962 पासून आहे आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. जागा 150: मुलांच्या 115, मुलींच्या 30, आणि 5 मित्रदेशांतल्या विद्यार्थ्यांसाठी. शिक्षणाचा खर्च सरकार करतं. त्याच्या बदल्यात डॉक्टर झाल्यावर सैन्यदलात अधिकारी म्हणून सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. करार मोडला तर बाँडची मोठी रक्कम भरावी लागते.

वाट साधारण अशी असते:

- मे महिन्यात नीट.
- निकालानंतर एमसीसीच्या (मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या) संकेतस्थळावर नोंदणी, आणि त्यात एएफएमसीची निवड. ही निवड विसरली तर पुढचं काहीच होत नाही.
- गुणांवरून यादी लागते आणि यादीतल्यांना पुण्याला बोलावतात.
- तिथे इंग्रजी व तर्कबुद्धीची छोटी संगणकीय परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत.
- आणि वैद्यकीय तपासणी.

नीटचा निकाल आणि पुण्याचं बोलावणं यांत फार तर काही आठवडे मिळतात. तेवढ्यात चष्म्याचा नंबर तपासून होतो, दात भरून होतात, कानातला मळ निघतो. हर्निया, कानाचा पडदा किंवा वाढलेलं वजन यांचं तसं नसतं. शस्त्रक्रिया आटोपली तरी त्यानंतर ठरलेले आठवडे जावे लागतात. म्हणून माझा सल्ला वर्षानुवर्षं तोच आहे: बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण तपासणी करून घ्या. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात केली तर आणखी चांगलं.

निकष कुठे वाचायचे

अंतिम शब्द त्या त्या वर्षीच्या एएफएमसीच्या माहितीपत्रकाचा. सविस्तर निकष वाचायचे असतील तर यूपीएससीच्या एनडीए परीक्षेच्या जाहिरातीला जोडलेलं वैद्यकीय परिशिष्ट काढा. त्यात लष्कर, नौदल आणि हवाईदल या तिघांचे निकष वेगवेगळे दिलेले असतात. एएफएमसीचे डॉक्टर तिन्ही दलांत जातात, त्यामुळे घरी चाळणी लावायला ते परिशिष्ट उत्तम. भाषा जड असते. जीवशास्त्राच्या सरांसोबत बसून वाचलं तर तासाभरात होतं.

खालचे आकडे त्याच एनडीएच्या निकषांतले आहेत.

घरी आणि गावात काय बघता येईल

- गुडघे: भिंतीला टेकून सरळ उभे राहा, गुडघे एकमेकांना टेकवा. घोट्यांच्या आतल्या हाडांत 5 सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर राहत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.
- कोपर: हात सरळ खाली सोडून तळवे पुढे करा. कोपरातून हात बाहेर वळतो तो कोन मुलांमध्ये 15 अंशांच्या आणि मुलींमध्ये 18 अंशांच्या आत असावा.
- तळपाय: ओल्या पायानं फरशीवर उभे राहा. पूर्ण पाऊल उमटलं तर सपाट पायांची शंका.
- दात: दातांना गुण असतात, 22 पैकी किमान 14 लागतात. कीड भरून घ्या. दाढ काढण्याआधी दंतवैद्याला सांगा की सैन्यदलाची तपासणी द्यायची आहे.
- कान: आधी मळ काढून घ्या. मळामुळे पडदा दिसला नाही तर तात्पुरते अपात्र ठरवतात, आणि ‘तात्पुरते’ हा शब्द प्रवेशाच्या घाईत फार महाग पडतो.
- नाक: हाड वाकडं, श्वास एका बाजूनं, वारंवार सर्दी.
- मुलांसाठी: हर्निया, अंडवृद्धी, शिरा फुगणं, अंडकोष खाली न उतरणं. लाजेनं हे कोणी सांगत नाही आणि पहिल्यांदा मंडळासमोरच उघड होतं. घरातल्या वडिलांनी किंवा काकांनी विषय काढावा.
- मुलींसाठी: हिमोग्लोबिन आणि पोटाची सोनोग्राफी. हवाईदलाच्या निकषांत मुलींना हिमोग्लोबिन 11.5 च्या खाली नको, मुलांना 13 च्या खाली नको. आपल्याकडच्या कितीतरी मुली 9-10 वर असतात आणि त्यांना स्वतःला ते माहीतही नसतं. लोहाच्या गोळ्यांनी फरक पडायला काही महिने लागतात, आठवडाभरात काही होत नाही.
- वजन: उंचीच्या मानानं जास्त नको, फार कमीही नको. नीटच्या क्लासला नागपूरला खोली करून राहणाऱ्या मुलांचं वर्षभरात आठ-दहा किलो वाढतं. मेसचं जेवण, रात्रीची मॅगी, दिवसभर खुर्ची. हा दोष पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

गोंदणाचंही बघा. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला छोटं चालतं, इतरत्र चालत नाही. परंपरेनं गोंदण असणाऱ्या आदिवासी समाजांसाठी वेगळी तरतूद आहे. जत्रेत दंडावर ‘आई’ गोंदवून घेणाऱ्यांना ती लागू होत नाही. आईचं नाव काढायला लेझर लावणारा एक मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या आईलाच त्याचं फार हसू येत होतं.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी पुरते. पुढच्या तपासण्यांसाठी नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा एम्स. कामठीला लष्करी रुग्णालय आहे म्हणून तिथे ‘आधी एकदा बघून घ्या’ म्हणत जाऊ नका. ते सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी आहे.

डोळे: लेसिकची घाई करू नका

इथे सर्वात महागडी चूक होते. चष्मा आहे, नंबर तीन-चार आहे, म्हणून पालक बारावीनंतरच्या सुट्टीत मुलाचं लेसिक करून टाकतात. हेतू चांगला असतो. पण सैन्यदलांच्या अधिकारी-भरतीचे निकष सांगतात की अशी शस्त्रक्रिया वयाच्या 20 वर्षांआधी झालेली नसावी आणि तिला किमान 12 महिने झालेले असावेत. सतरा-अठराव्या वर्षी लेसिक केलेला मुलगा चष्म्यासकट कदाचित चालला असता, पण शस्त्रक्रियेमुळे बाद होतो. हे मागे घेता येत नाही, आणि शस्त्रक्रिया झाल्याचं नेत्रतज्ज्ञांना यंत्रावर दिसतं.

तेव्हा आधी नेत्रतज्ज्ञांकडून चष्म्यासकट आणि चष्म्याविना दृष्टी, नंबर आणि डोळ्याचा पडदा तपासून घ्या आणि माहितीपत्रकातल्या मर्यादेशी ताडून बघा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी काही दिवस बंद ठेवा.

रंगदृष्टीची तपासणी दहा मिनिटांत होते. ठिपक्यांचे आकडे असलेलं इशिहाराचं पुस्तक प्रत्येक नेत्रतज्ज्ञाकडे असतं. लष्कराच्या निकषात रंगदृष्टीचा एक ठरलेला दर्जा लागतो. म्हणजे सिग्नलचा लाल, सिग्नलचा हिरवा आणि पांढरा हे रंग मार्टिन लँटर्न या तपासणीच्या दिव्यावर ठरलेल्या अंतरावरून बरोबर ओळखता आले पाहिजेत, किंवा इशिहाराचं पुस्तक वाचता आलं पाहिजे. रंगांधळेपणा बरा होत नाही. इंटरनेटवर त्या पुस्तकाची पानं पाठ करून जाणारे असतात, आणि लँटर्न समोर आला की पाठांतर संपतं. वेळेत कळलं तर निदान पुढचा रस्ता निवडता येतो.

सिकलसेल: आपल्या भागासाठी वेगळं लिहावं लागेल असं

पूर्व विदर्भात सिकलसेल नवा नाही. भिवापूर-उमरेड-नागभीड पट्ट्यातल्या शाळांत, आश्रमशाळांत तपासणीची शिबिरं होतात. बोटातून रक्त घेतात, ‘सोल्युबिलिटी’ चाचणी करतात आणि पॉझिटिव्ह आलेल्यांची पुढची तपासणी होते. 1 जुलै 2023 रोजी केंद्राचं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं, त्यानंतर हे काम वाढलं आहे. तरीही बारावीतल्या बहुतेक मुलांना आपण ‘एए’, ‘एएस’ की ‘एसएस’ हे सांगता येत नाही. शिबिरात रक्त दिलेलं असतं, पण कार्ड घरी कुठल्या पिशवीत आहे ते आजीला ठाऊक.

एए म्हणजे सिकलसेल नाही. एसएस म्हणजे आजार. एएस म्हणजे वाहक: एक जीन आहे, माणूस एरवी ठणठणीत, शेतात दिवसभर राबतो, कबड्डी खेळतो. मग सैन्यदलाला त्याची काळजी का? कारण उंचीवर, जिथे हवा विरळ असते, आणि अतिश्रमात, शरीरातलं पाणी कमी झालं की वाहकाच्या रक्तपेशीही विळ्यासारख्या वाकू शकतात आणि प्लीहेला इजा होऊ शकते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. सैन्याचा डॉक्टर तिथे पाठवला जाऊ शकतो.

हवाईदलाच्या निकषांत सिकलसेल आजार आणि थॅलेसेमिया सेवेसाठी अपात्र असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे, थॅलेसेमियाच्या बाबतीत तर मायनर आणि ट्रेटसुद्धा. अमेरिकेच्या कोलोरॅडोमधल्या हवाईदल अकादमीत सिकलसेलच्या वाहकांना बंदी होती, ती 1981 साली उठली. म्हणजे एएसचा प्रश्न बाहेरही वादाचा ठरला आहे आणि ‘मला तर काहीच होत नाही’ हे त्याचं उत्तर नव्हे.

तुम्ही काय करायचं:

- आधी सोल्युबिलिटी, आणि पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. नुसत्या सोल्युबिलिटीवरून एएस आणि एसएस कळत नाही.
- रिपोर्टची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स ठेवा.
- एएस निघालं तर अर्ज भरण्याआधी, नावानिशी आणि लेखी, एएफएमसीच्या प्रवेश विभागाला विचारा. ई-मेलचं उत्तर जपून ठेवा.
- एकट्या एएफएमसीवर वर्ष लावू नका. वाहक असल्यामुळे नागरी वैद्यकीय महाविद्यालयाचं दार बंद होत नाही.

एएस निघाल्याचं लाजून लपवणारी घरं मी पाहतो, विशेषतः मुलीचं असेल तर. ‘लग्नाचं काय’ हा प्रश्न आईच्या तोंडून पहिल्यांदा निघतो. तो प्रश्न वेगळा, आणि त्याचंही उत्तर तपासणीच आहे: जोडीदाराचीही.

शस्त्रक्रिया झाली असेल, तर आठवडे मोजा

हर्नियाच्या शस्त्रक्रियेला 24 आठवडे झालेले असावेत, पोटाचे स्नायू बळकट असावेत आणि हर्निया परत आलेला नसावा, असा निकष आहे. त्याचा कागदोपत्री पुरावाही द्यावा लागतो. आता कॅलेंडर काढा. पुण्याचं बोलावणं जुलै-ऑगस्टमध्ये येईल असं धरलं तर शस्त्रक्रिया जानेवारीच्या आत उरकलेली हवी. जानेवारीत बारावीच्या प्रात्यक्षिकांची तयारी असते. म्हणजे दिवाळीतच.

क्षयरोग होऊन गेला असेल तर हिंमत हरू नका. उपचार दोन वर्षांहून आधी पूर्ण झालेले असतील आणि फुफ्फुसात ठळक खूण राहिलेली नसेल तर विचार होऊ शकतो. त्यासाठी निदान, औषधांचा कालावधी आणि उपचार संपल्याचा दाखला लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कार्डावर हे सगळं असतं. ते कार्ड बहुतेक घरांत उपचार संपला की फेकून देतात. फेकलं असेल तर आजच जाऊन नोंदवहीतून दाखला काढून घ्या.

प्रत्येक शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, हिस्टोपॅथॉलॉजी असेल तर ती, आणि डॉक्टरांच्या सहीचा सारांश, असा एक लिफाफा तयार ठेवा. हा लिफाफा आईकडे द्या. मुलांच्या दप्तरात कागद टिकत नाहीत.

काय लपवू नये

तपासणीआधी तुम्हाला जुन्या आजारांची माहिती भरून सही करायची असते. दमा, फिट येणं, मानसिक आजारावरचे उपचार, जुनी शस्त्रक्रिया. ‘लिहिलं नाही तर कळणार कसं’ हा विचार करू नका. दडवलेली गोष्ट प्रवेशानंतर उघड झाली तर आजाराबरोबर खोटं बोलण्याचा ठपकाही बसतो आणि तो जास्त जड असतो. लहानपणी एकदा दोनदा दम लागला होता, पण सात-आठ वर्षं काहीच त्रास नाही, अशा वेळी छातीच्या डॉक्टरांकडून श्वासाची चाचणी करून रिपोर्ट सोबत न्या. दमा म्हणून एका ओळीत न लिहिता डॉक्टरांनी काय लिहिलं ते दाखवा.

पुण्यात

नागपूरहून पुण्याचा प्रवास लांब आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून सकाळी थेट तपासणीला जाणाऱ्याचा रक्तदाब वाढलेला दिसला तर नवल नाही. एक दिवस आधी पोचा, झोप घ्या. आदल्या आठवड्यात जड व्यायाम नको, जिममधली पावडर आणि क्रिएटिन तर अजिबात नको, कारण त्यांचा परिणाम रक्ताच्या आणि मूत्रपिंडाच्या रिपोर्टवर दिसतो. अंगावर फोडं, खाज, नायटा असेल तर त्याचा उपचार आधीच संपवा. भाताच्या बांधीत काम करून आलेल्या पोरांच्या पायाच्या बोटांमधल्या चिखल्या सर्रास दिसतात.

तपासणी करणारे डॉक्टर तुटक बोलतात. त्याचा अर्थ काढत बसू नका. त्यांच्यासमोर दिवसभर मुलांची रांग असते.

‘अनफिट’ लिहिलं तर

- पहिली गोष्ट: कारण लेखी घ्या. कोणत्या दोषामुळे, तात्पुरतं की कायमचं, अपील कुठे आणि कधीपर्यंत. हे विचारणं तुमचा हक्क आहे. संतापून किंवा रडत तिथून बाहेर पडू नका.
- तात्पुरतं अपात्र म्हणजे उपचार करून ठरलेल्या मुदतीत पुन्हा दाखवायची संधी. मळ, दात, हलकं वजन अशा बाबींत लगेच हालचाल करा.
- अपील मंडळ: एनडीएच्या पद्धतीत पहिली तपासणी करणाऱ्या विशेष वैद्यकीय मंडळाच्या निकालावर 42 दिवसांत अपील मंडळापुढे जाता येतं. एएफएमसीचा प्रवेश फार घाईत होतो, म्हणून इथली मुदत कमी असू शकते. तुम्हाला दिलेल्या कागदावर लिहिलेली तारीख हीच खरी.
- पुनर्विलोकन मंडळ: अपीलमध्येही अपात्र ठरल्यावर. हा हक्क नाही, प्रकरणाची गुणवत्ता बघून मंजुरी मिळते.
- अपीलला जाताना सरकारी रुग्णालयातल्या त्या विषयाच्या तज्ज्ञाचा ताजा रिपोर्ट सोबत असला तर बोलायला आधार मिळतो. गावातल्या फॅमिली डॉक्टरचं ‘फिट’ प्रमाणपत्र तिथे उपयोगाचं नाही. राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशाला असं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र पुरतं. सैन्यदलाची तपासणी सैन्यदलाचे डॉक्टर स्वतः करतात.

कोर्टात जायचं का, हाही प्रश्न येतो. उमेदवार अजून सैन्याचा झालेला नसतो, त्यामुळे रिट याचिका उच्च न्यायालयात जाते. मंडळाच्या दोन मतांत उघड विसंगती असेल किंवा नियमच चुकीचा लावला असेल तर वकिलाला विचारा. पण न्यायालयं साधारणपणे वैद्यकीय मंडळाच्या मताच्या जागी आपलं मत ठेवत नाहीत, आणि खटला चालू असताना प्रवेशाच्या फेऱ्या संपतात. माझं मत: बहुतेकांनी हा खर्च करू नये.

एएफएमसीची वाट बघताना राज्याची फेरी सोडू नका

ही चूक दरवर्षी होते आणि ती अपात्र ठरण्यापेक्षाही वाईट. ‘पुण्याचं होईलच’ म्हणून सीईटी सेलची नोंदणीच केली जात नाही. दोन्ही प्रक्रिया वेगळ्या आहेत. ऑल इंडिया कोटा, राज्याची फेरी आणि एएफएमसी, तिन्हींची नोंदणी करा. मूळ कागदपत्रं कुठे जमा करायची वेळ येते त्याकडे लक्ष ठेवा. एकाच वेळी दोन ठिकाणी मूळ कागद देता येत नाहीत.

ज्यांचा दोष सैन्यासाठी बरा होणारा नाही, त्यांनी नागरी एमबीबीएसचे नियम वेगळे असतात हे लक्षात ठेवावं. रंगांधळेपणामुळे एमबीबीएसला प्रवेश नाकारला गेल्याचा त्रिपुरातल्या विद्यार्थ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि 2017 साली निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूनं लागला. महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात तर 15 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वाणीचं अपंगत्व इतके टक्के आहे, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येणार नाही. विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे मंडळानं बघितलं पाहिजे. हे नियम एएफएमसीला लागू होतात असं समजू नका. ते सरकारी आणि खाजगी नागरी महाविद्यालयांसाठी आहेत.

आणि सैन्याचाच गणवेश हवा असेल तर नागरी एमबीबीएसनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा मार्ग आहे. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अशी भरती नियमित होते. तेव्हाही तपासणी असते, पण तोवर वय वाढलेलं असतं, लेसिकची मुदत पूर्ण होऊ शकते, कानाची शस्त्रक्रिया जुनी झालेली असते. मुलींना लष्करी नर्सिंग सेवेचा बी.एस्सी. नर्सिंगचा रस्ताही आहे. त्यालाही वैद्यकीय तपासणी आहे.

प्रवेशानंतर दुखापत झाली तर

करार वाचताना हा भाग बहुतेक पालक उलटून टाकतात. स्वतःहून सोडून जाणं आणि वैद्यकीय कारणानं बाहेर काढलं जाणं यात फरक आहे. बाँडची रक्कम कोणत्या परिस्थितीत लागते आणि कोणत्या परिस्थितीत नाही, ते सहीच्या आधी शब्दशः वाचा, कळलं नाही तर वकिलाला वाचायला द्या. प्रशिक्षणात जखमी होऊन घरी पाठवलेल्या छात्रांचा प्रश्न 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून हाती घेतला होता. त्यावर सरकारनं अशा छात्रांसाठी माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे उपचार खुले केले. नियम बदलत आहेत, आणि बदल तुमच्या बाजूनं होत असले तरी सही तुमचीच असते.

टपरीवर भेटलेल्या त्या गृहस्थांच्या मुलाच्या कानाची शस्त्रक्रिया ऑक्टोबरमध्ये नागपूरला झाली. त्या वर्षी त्यांनी राज्याची नोंदणी केलेली होती, हे नशीब. मुलगा आता विदर्भातल्याच एका सरकारी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि शॉर्ट सर्व्हिसचं बोलतो. मागच्या महिन्यात वडील परत भेटले. धाकटी अकरावीत आहे. तिला घेऊन ग्रामीण रुग्णालयात आले होते, कान, डोळे, दात आणि सिकलसेल, सगळं एकाच फेरीत. नंतर मिरचीच्या कामावर जायचं होतं म्हणून घाईत होते. तुमच्या घरी अकरावी-बारावीत कोणी असेल तर तुम्हीही ही फेरी दिवाळीच्या आत करून टाका.